हिरव्या इरकलीचा नग

लक्ष्मी रोडला साड्यांच्या गादीवर बसून माझी उमेद सरली. लोकांना वाटतं, आमचं काम साडी दाखवण्याचं. लग्नसराईत खरं काम असतं ते उघडलेला माल सांभाळण्याचं. चार साड्या मोडल्या की आधीच्या घड्या घालून मागे सरकवायच्या, मगच पुढचा गठ्ठा सोडायचा. समोर ढीग झाला की त्यातला एक नग गेलेला डोळ्याला कळतच नाही.

त्या शनिवारी ढीग झाला होता. तिघीजणी आल्या, इरकल मागितली. इरकल दाखवायची म्हटलं की मी रंगात येतो. हातमागाच्या इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला कोंडी घालून, म्हणजे धाग्यांचे फास एकमेकांत अडकवून, जोडलेला असतो. साडी उलटी करून बोट फिरवलं की तो सांधा हाताला लागतो. आजकाल विकणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं. दोघींना मी तो सांधा दाखवत होतो, तेवढ्यात तिसरीने 2,800 ची हिरवी साडी घडीसकट मांडीखाली ओढली आणि उठता उठता पदराआडून पिशवीत सारली.

मी बघितलं. शेजारी बसलेल्या काकूंनीही बघितलं, आमची नजरानजर झाली. काकू आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक.

अशा वेळी चोर म्हणायचं नसतं. “ताई, ती हिरवी राहिली बघा,” एवढंच म्हणायचं. पुष्कळदा “अगंबाई, चुकून आली वाटतं!” म्हणत साडी परत येते. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आमच्यातल्या एकाने मागे अशीच पिशवी उघडायला लावली होती. आत दुसऱ्या दुकानाची साडी निघाली, बिलासकट. मालकांनी त्याला भर दुकानात माफी मागायला लावली. गर्दीच्या दिवसांत गादीजवळ एक तरी बाई माणूस ठेवा, हे आम्ही तेव्हापासून सांगतोय. अजून ठेवलेलं नाही.

काकू पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्हीच बोलाल.” मला रागच आला. मला नोकरीची भीती होती, त्यांना कसली होती? त्या बोलल्या असत्या तर त्यांना कोण काय म्हणणार होतं?

पोलिसात गेलं तर त्या बाईचा जन्म वाया जाईल, अशीही मी मनाची समजूत घातली होती. एका वकील गिऱ्हाइकाने तीही मोडली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम 303 खाली, चोरी पाच हजारांच्या आतली असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू परत केली, तर समाजसेवेची शिक्षा आहे.

रात्री नग मोजले, एक कमी भरला. तूट गादीवरच्या सगळ्यांच्या पगारातून कापायची, हा मालकांचा नियम. मला तो कधीच पटलेला नाही. तिघांत वाटणी झाली. त्यातला एक घड्या घालणारा पोरगा, त्याचा हा पहिलाच पगार. मला म्हणाला, “काका, तुम्ही तर समोरच होता ना?”

“गर्दी होती रे,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मालकांना म्हटलं, त्याचा वाटा माझ्यातून कापा. “का? तुम्ही बघितलं होतं का?” त्यांनी विचारलं. तिथेही मी नाहीच म्हणालो.