‘वाळवंट बघायला पैसे कशाला, ताई?’

‘वाळवंट बघायला पैसे कशाला, ताई? मार्च लागला की आमच्या शिवारात या, फुकट दाखवतो.’ वसमतच्या आमच्या ऑफिसबाहेर जोधपूर सहलीचा बोर्ड लागला तेव्हा हे इतक्या जणांनी ऐकवलं की पुढं पुढं गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत मीच म्हणून टाकायचे. लोक हसायचे आणि मग बसून दर विचारायचे.

आमचा धंदा मुळात यात्रेचा. सासऱ्यांची एक जीप होती. औंढा नागनाथ, नरसी, शेगाव, तुळजापूर आणि आषाढीला पंढरपूर. आमच्या ह्यांनी कर्ज काढून टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि वह्या-हिशोब माझ्याकडं आले. 2020 साली गाड्या दारात उभ्या राहिल्या, हप्ते मात्र थांबले नाहीत. त्यावर जास्त लिहीत नाही, प्रत्येक गाडीवाल्याची तीच कथा आहे. सगळं पुन्हा सुरू झालं तेव्हा गल्लोगल्ली ट्रॅव्हलर झाल्या होत्या आणि यात्रेच्या दरात डिझेलसुद्धा निघेना. गाडी सगळ्यांकडं आहे, तर मग आपण विकायचं काय, असा प्रश्न होता.

आमच्या भागाचं कॅलेंडर सोयाबीन आणि हळद ठरवतात. दिवाळीच्या आगंमागं सोयाबीनचे पैसे हातात येतात, आणि संक्रांतीनंतर हळद काढायची, शिजवायची धांदल सुरू झाली की माणूस घराबाहेर पडत नाही. मधले ते दोन-अडीच महिने आमचे. राजस्थानातही फिरायचा हंगाम नेमका तोच.

जोधपूरच का, जैसलमेर का नाही, हे अजूनही रोज विचारतात. सिनेमात दिसतात ते सम गावाजवळचे वाळूचे डोंगर जैसलमेरच्याही पुढं चाळीसेक किलोमीटरवर आहेत, आणि जोधपूर ते जैसलमेर रस्ता पावणेतीनशे किलोमीटरहून जास्त. हे ‘एका दिवसात’ दाखवतो म्हणणारा माणूस तुम्हाला वाळवंट कमी आणि गाडीची सीटच जास्त दाखवतो. जोधपूर हे दाटीवाटीचं, हॉर्नचं, गल्लीबोळांचं शहर. तिथून उत्तरेला ओसियाँ साधारण पासष्ट किलोमीटर. सकाळी निघालं की न्याहारीच्या वेळेला वाळूत, आणि दिवस मावळल्यावर परत शहरात. गुडघेदुखीची मावशीसुद्धा हे करू शकते. दुबईचं विचारणारेही असतात. तिथं दुपारी जीप न्यायला येते, वाळूवरून उड्या मारवते, रात्री नाच आणि जेवण. वाईट नाही, पण पासपोर्ट काढून तेवढ्यासाठी जायचं असेल तर नांदेडला मोठे एजंट बसलेत, मी त्यांचा पत्ता देते.

सुरुवातीला आम्हीही तिथल्या एजंटचा तयार कार्यक्रम घेतला होता. उंटावर फेरी, जीप, कालबेलिया नाच. बचत गटाच्या बाया होत्या. उंटावर बसल्या, फोटो काढले, दहा मिनिटांत हौस फिटली. मग सगळ्या जणी आपणहून शेजारच्या ढाणीकडं, म्हणजे वस्तीकडं, चालू लागल्या. मी आपली मागं. अंगणात घरची बाई गवऱ्या रचत होती. आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर मावशींनी मोडक्या हिंदीत पहिलाच प्रश्न टाकला, ‘पानी कां से लाती, बाई?’

तिनं टांका दाखवला. जमिनीच्या पोटात बांधलेली गोल टाकी, वर झाकण. भोवतालची जमीन चारी बाजूंनी टाकीकडं उतरती केलेली, झाडून लख्ख ठेवलेली. तिला ते आगोर म्हणतात. पावसाळ्याआधी आगोर साफ करायचा, त्यावर जनावर फिरू द्यायचं नाही, चप्पल घालून जायचं नाही. पडेल तो थेंब उतारानं टाकीत. झाकणाला कुलूप होतं. ‘आमच्याकडं बी टँकर आला की ड्रमला कुलूप घालायचो की गं,’ मावशी म्हणाल्या, आणि पुढचा तासभर दोघींचं काय बोलणं झालं ते मला निम्मंच कळलं. त्यांची मारवाडी, ह्यांची मराठी, आणि मध्ये कुणीच दुभाषा नाही.

जोधपूरला वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेच्याही आत. मराठवाड्याची सरासरी पावणेसातशेच्या घरात. हे आकडे मी गाडीत सांगते तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं, ‘मग आपल्याला रेल्वेनं पाणी का आणावं लागलं?’ 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली होती, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या गाडीच्या टाक्या राजस्थानातल्या कोट्याहून आल्या होत्या, हे मात्र बऱ्याच जणांना मी सांगते तेव्हा कळतं. मग बसमध्ये वाद पेटतो: ऊस, बोअर, धरणं, पुढारी. मी मध्ये पडत नाही. ओसियाँ येईपर्यंत वेळ चांगला जातो.

त्या ढाणीनंतर दिवस आम्ही आमच्या लोकांच्या डोळ्यांनी मांडला. वाटेत मथानिया लागतं, तिथली लाल मिरची नावाजलेली. बाया मिरची हातात घेऊन वास घेतात, देठ मोडून बघतात, भाव पाडतात. तिथं मी घड्याळ बघणं सोडून दिलंय. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खेजडीची झाडं, म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण पुजतो आणि सोडून देतो. तिथं तिच्यावर घर चालतं. थंडीत फांद्या छाटून पाला शेळ्या-उंटांना, उन्हाळ्यात कोवळ्या शेंगांची सांगरी वाळवून वर्षभराची भाजी. शेतातलं झाड बांधावर ढकलायचं नाही, उभ्या बाजरीत राहू द्यायचं. आमचे शेतकरी याच्यावर लगेच हुज्जत घालतात: सावलीनं पीक मरत नाही का? तिथला शेतकरी शांतपणे सांगतो की खेजडीखालची बाजरी जास्त चांगली येते. जोधपूरजवळच्या खेजडलीत 1730 साली ही झाडं वाचवताना अमृतादेवींसह 363 बिश्नोई माणसांनी जीव दिला. हे मी त्या झाडाखाली उभं राहूनच सांगते, बसमध्ये नाही.

पिकं तर बहुतेक ओळखीचीच निघतात. बाजरी, मूग, मटकी, गवार. गवार मात्र भाजीसाठी नाही, दाण्यासाठी. त्या दाण्याचा डिंक होतो आणि तेलविहिरी खणायला परदेशात जातो. वसमतच्या एका हळद व्यापाऱ्यानं तिथंच उभ्या उभ्या कुणाकुणाला फोन लावून भाव काढले होते.

दुपारचं जेवण हॉटेलात नाही, त्याच ढाणीतल्या घरी. बाजरीचा जाड सोगरा, म्हणजे तिकडची भाकरी, केर-सांगरीची भाजी, ताक. पैसे घरच्या बाईच्या हातात, ताटाच्या हिशोबानं, मधला माणूस नाही. एजंट यावर नाराज झाला, आम्ही एजंट सोडला. सोगरा जाड आहे ही तक्रार ठरलेली. एकदा एका काकूंनी परात पुढं ओढून पातळ भाकरी थापून दाखवली, ती बघायला शेजारची दोन घरं जमा झाली.

ओसियाँची देवळं आठव्या शतकापासूनची आहेत, महावीराचं आणि टेकडीवरचं सच्चियाय मातेचं. पायऱ्या आहेत, ज्यांना झेपेल त्यांनी चढावं. वाळूचे टेकाड उन्हं उतरल्यावर. तिथं मी काहीही बोलत नाही आणि कुणाला बोलावतही नाही. पोरं लोळतात, म्हातारी माणसं वाळू मुठीत घेऊन सोडत बसतात, शेतकरी खाली किती फुटांवर ओल लागते ते बघायला हातानं उकरतात.

दुसऱ्या सकाळी, परतीच्या आधी, मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा उद्यान. साधारण सत्तर हेक्टरचा हा खडक. 2006 पासून तिथं वेडी बाभूळ मुळासकट काढून मरुभूमीची मूळची झुडपं लावली, 2011 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. खडक ज्वालामुखीचाच, पण आपल्या काळ्या दगडासारखा नाही, लालसर आणि कितीतरी जुना: पंचाहत्तर कोटी वर्षांच्या आसपास. आपला सहा-साडेसहा कोटींचा. ज्यांच्या गायरानात वेडी बाभूळ माजलीय त्यांना हे उद्यान किल्ल्यापेक्षा आवडतं. मुळं काढायला खाणीत काम केलेली माणसं लागली, कारण खडकाच्या कोणत्या भेगेत छिन्नी घालायची ते त्यांनाच कळत होतं.

धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी गोष्ट 2025 च्या जुलैत झाली, आणि त्यात आमचं काही कर्तृत्व नाही. काचीगुडा–भगत की कोठी गाडी सुरू झाली, नांदेड, पूर्णा, हिंगोली करत थेट जोधपूरला. आधी मध्ये गाडी बदलताना फलाटावर म्हातारी माणसं आणि डब्यांच्या पिशव्या मोजण्यातच माझा जीव जायचा. आता हिंगोलीला बसलं की उतरायचं जोधपूरलाच. खर्च कमी झाला, तो आम्ही दरात उतरवला. म्हणून गावाकडचे गट वाढले. स्पर्धाही येणार, दोघांनी बोर्ड लावलेतच.

यंदा काझरी जोडायचं चाललंय. जोधपूरची शुष्क प्रदेशावरची ही केंद्रीय संशोधन संस्था 1959 पासून त्या नावानं आहे. शेतकऱ्यांचा गट असेल तर अर्धा दिवस तिथं. पत्र दिलंय. मंजुरी आली तर त्या गटांना परतीची गाडी एक दिवस पुढची घ्यावी लागेल, आणि हळदीच्या आधी एक दिवस जास्त काढायला कोण तयार होतं ते बघायचं. दोन गटांनी हो म्हटलंय, एका गटातल्या बायांनी उलट विचारलंय की काझरीऐवजी मथानियात अर्धा दिवस देता का.