नोंदवहीतला सातवा रकाना

मामांचा संग्रह माझ्या घरी आला तो पत्र्याच्या दोन ट्रंकांतून. सामन्यांची तिकिटे, धावफलक, वर्तमानपत्रांची कात्रणे, टपाल तिकिटे आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली एक बॅट, एवढा तो ऐवज. बॅटच्या पात्यावर बॉलपेनने केलेल्या अकरा स्वाक्षऱ्या आहेत. त्यांपैकी आठ पुसट का होईना, लागतात. उरलेल्या तीन कोणाच्या, हे मला सांगता येत नाही. मामांच्या तोंडून त्या तिघांची हकीकत मी दोनदा तरी ऐकली होती, पण लिहून ठेवली नाही, आणि आता विचारायला मामा नाहीत. माझी नोंदवही सुरू झाली ती या खंतीतून.

वहीत सात रकाने आहेत. अनुक्रमांक, वस्तू, वर्ष, मोजमाप, अवस्था आणि ठेवण्याची जागा हे सहा कोणालाही सुचतील. अनुक्रमांकात वस्तू माझ्याकडे आली ते वर्ष आणि त्या वर्षातला क्रम असतो, जसे २०२१/०१४. वस्तुसंग्रहालयांतही अशीच पद्धत असते. एकदा दिलेला क्रमांक, वस्तू पुढे कोणाला देऊन टाकली तरी, दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. कागदावर तो मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने लिहितो, आणि बॅटला सुती नाडीने चिठ्ठी बांधली आहे, कारण चिकटपट्टीचा डिंक कालांतराने पिवळा पडून डाग सोडतो.

सातवा रकाना ‘कशी आली’ हा. माझ्या मते संग्रहाचा जीव त्यातच आहे. दिल्लीत १९५१ साली भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेची दोन आणे व बारा आणे किमतीची दोन टपाल तिकिटे मामांकडे होती. ती आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली गेली, देशभर गेली आणि त्यांतली दोन पुन्हा नाशिकच्याच एका ट्रंकेत येऊन विसावली, हे त्या रकान्यात लिहिताना मला फार आनंद झाला. शेजारच्याच पाकिटात १९७१ चे क्रिकेटचे टपाल तिकीट आहे. अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्याच देशात हरवले, ते हे वर्ष.

‘अवस्था’ या रकान्याचे मोल मला एका पावसाळ्याने पटवले. स्वस्त पीव्हीसीच्या अल्बममध्ये ठेवलेले सामन्याचे एक तिकीट दमट हवेत प्लास्टिकला चिकटले आणि काढताना त्याची शाई अल्बमवरच राहिली. तेव्हापासून कागद आम्लरहित पाकिटांत असतात, आणि जून लागण्यापूर्वी व दिवाळीनंतर अशी वर्षातून दोनदा मी वही घेऊन प्रत्येक वस्तू पाहतो. कसर लागली असेल तर ती तिथेच कळते. वहीच्या पानांची छायाचित्रे बहिणीकडेही असतात.

जानेवारी २०२५ मध्ये हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्र आणि बडोदा यांचा रणजी सामना झाला. तिथे बसून मांडलेल्या माझ्या धावफलकाचा सातवा रकाना मी त्याच संध्याकाळी भरला.

बॅटच्या नोंदीत मात्र तो बरेच दिवस रिकामा होता. गेल्या महिन्यात मामींकडे वही घेऊन गेलो. त्या तीन नावे त्यांनाही आठवत नाहीत, पण बॅट घरी आली ती रात्र त्यांना लख्ख आठवते. बाहेर पाऊस होता, म्हणून मामांनी अंगातला शर्ट काढून तो बॅटला गुंडाळला होता आणि स्वतः भिजत आले होते. मी तेवढेच लिहिले, खाली मामींचे नाव आणि तारीख घातली.