तुम्ही विचारलंत म्हणून: फुकट हवी आणि सुरक्षितही

माझं लग्न ऑनलाइन जमलं हे कळलं की लोक आधी जरा कौतुक करतात आणि मग हळूच विचारतात, "एखादी चांगली साइट सांगा ना. सुरक्षित हवी. आणि फुकट असली तर बरंच." विचारणारे बहुतेक वेळा आईवडील असतात. मुलं-मुली विचारतात तेव्हा 'एका मैत्रिणीसाठी' असं सांगून विचारतात.

नावं काय, तुम्हालाही ठाऊक आहेत. शादी डॉट कॉम, भारतमॅट्रिमोनी, जीवनसाथी. तिन्हींवर नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. प्रोफाइल करा, स्थळं चाळा, आवडलं तर तसं कळवा. अशा साइटवर खिशात हात घालावा लागतो तो बहुधा समोरच्याचा नंबर हवा असेल तेव्हा. मला त्यात काही गैर वाटत नाही. उलट सगळंच्या सगळं फुकट दिसलं की मी आधी विचार करते, या मंडळींचं भागतं कशावर? जाहिरातींवर, की आपल्या माहितीवर?

'व्हेरिफाइड'च्या टिकेवर लोकांचा फार विश्वास. अनेकदा तिचा अर्थ एवढाच असतो की त्या नंबरवर ओटीपी आला आणि कुणीतरी तो टाकला. नाव खरं आहे का, नोकरी आहे का, आधीचं लग्न झालंय का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. काही साइट ओळखपत्रही तपासतात. टिकेवर बोट ठेवून बघा, नेमकं काय तपासलंय ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

जून 2016 मध्ये केंद्र सरकारने लग्न जुळवणाऱ्या साइटसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. साइट फक्त लग्नासाठी आहे हे स्पष्ट लिहायचं, फसवणुकीबद्दल सावध करायचं, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायचा, असं त्यात आहे. म्हणून अनोळखी साइट उघडली की मी फोटो बघत बसत नाही, थेट तळाशी जाते. अधिकाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, प्रोफाइल कायमचं काढायचं कसं तेही नाही, तर साइट बंद. पुढचं बघायची गरजच नाही.

आणि खरं सांगू? साइटपेक्षा मला व्हॉट्सॲपवरच्या वधू-वर ग्रुपची धास्ती जास्त वाटते. तेही फुकटच. एक पीडीएफ असते, तिच्यात मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, आईचं नाव, घरचा पत्ता, वडिलांचा मोबाइल, कंपनी, पगार, वर तीन फोटो. बँकेत फोन केला तर ओळख पटवायला जे विचारतील ते जवळजवळ सगळं त्या एका पानावर! ती पीडीएफ या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये जाते आणि पुढे कुणाकडे पोचली हे पाठवणाऱ्यालाही सांगता येत नाही. ग्रुपवर टाकायचीच तर वेगळी प्रत करा. वय, शिक्षण, गाव आणि यासाठीच घेतलेला एखादा नंबर, बस. पत्ता आणि पगार बोलणी पुढे गेल्यावर.

आता माणूस खरा की खोटा. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. चोरलेला असेल तर कधीकधी मूळ मालक दुसऱ्याच नावाने सापडतो. पण काही सापडलं नाही म्हणून फोटो खरा ठरत नाही. फोटोतला चेहरा पाहून झाला की मागची भिंत पाहा. एका नात्यातल्या मुलीला लंडनला राहणाऱ्याचं स्थळ आलं होतं. 'माझ्या फ्लॅटमध्ये' म्हणून पाठवलेल्या फोटोत भिंतीवर दोन गोल भोकांचा प्लग होता. ब्रिटनमध्ये घरोघरी तीन चौकोनी भोकांचे असतात. तिने साळसूदपणे व्हिडिओ कॉल मागितला, तर कॅमेरा बिघडलेला. तो नंतरही दुरुस्त झाला नाही.

अशा कहाणीचा पुढचा भाग ठरलेला. महागडी भेट पाठवली म्हणतात, ती विमानतळावर अडकते आणि 'कस्टम्स'मधून शुल्क भरा म्हणून फोन येतो. किंवा एखादं गुंतवणुकीचं ॲप, ज्यात नफा दिसतो पण काढता येत नाही. भोळेच फसतात असं वाटत असेल तर ऐका. अमेरिकेत 2022 मध्ये प्रेमाच्या नावाखाली पैसे उकळल्याच्या जवळपास 70,000 तक्रारी फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे गेल्या, आणि बुडालेली रक्कम होती 1.3 अब्ज डॉलर. प्रत्यक्ष भेट होऊन दोन्ही घरं एकमेकांना ओळखेपर्यंत एक रुपयाही इकडचा तिकडे करायचा नाही. ऑपरेशन असो, अपघात असो, विमानाचं तिकीट असो. कुणी रागावलं तर रागावू द्या.

पैसे गेलेच तर घरात रडारड आणि दोषारोप नंतर. आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला कळवणं. जितकं लवकर, तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. चॅट डिलीट करू नका. लाजेपोटी लोक नेमकं तेच करतात.

जमलं की मात्र प्रोफाइल डिलीट करायचं. 'हाइड' वेगळं, 'डीॲक्टिव्हेट' वेगळं, 'डिलीट' वेगळं. माझ्या नवऱ्याने नुसतं हाइड केलं होतं. लग्नानंतरही त्याला 'तुमच्यासाठी नवीन स्थळं' अशा मेल येत राहिल्या, आणि तो त्या मला मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यातलं एक स्थळ खरोखरच चांगलं होतं, ते आम्ही त्याच्या मित्राला कळवलं.