मिररलेस अपडेट: चोडणची खारफुटी आणि जत्रेचं नाटक

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) सोडून मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर आल्यानंतरचा हा पुढचा अपडेट. बॉडी क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), मधल्या किमतीची, ब्रँड मुद्दाम सांगत नाही कारण मग सगळ्या गप्पा तिकडेच वळतात. लेन्स जुनीच, ७०-२०० एफ २.८, अडॅप्टर लावून.

मिररलेसचा ऑटोफोकस जास्त अचूक असं सांगतात ते खरं आहे, मला वाटलं होतं त्याहून जास्त खरं आहे. डीएसएलआरमध्ये फोकस बघणारा सेन्सर वेगळा, आरशाच्या खाली, आणि फोटो घेणारा वेगळा, दोघांचं जरा बिनसलं की फोकस डोळा सोडून कानावर, मग मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे फोकस जरा पुढे-मागे जुळवत बसा. इथे फोटो घेणाराच फोकस बघतो, त्यामुळे ती कटकटच संपली. शिवाय फोकसचे पॉइंट मधोमध दाटीवाटीने नाहीत, जवळजवळ अख्ख्या फ्रेमभर आहेत. गावच्या जत्रेत पालखी आटपून ऐतिहासिक नाटक सुरू झालं, मावळा पार विंगेला टेकून उभा, चिकटवलेली दाढी, पागोटं भुवयांपर्यंत, अर्धं तोंड काळोखात, तरी फोकसचा चौकोन बरोबर डोळ्यावर. तलवारबाजीत दुसरा कोणी मध्ये आला की तिकडे पळतो, पण परत येतो.

आता सायलेंट शटर, म्हणजे काही न हलवता सेन्सरनेच फोटो घेणारं इलेक्ट्रॉनिक शटर. नाटकाचे फोटो काढणाऱ्याला हेच तर मोठं आमिष, कारण जुन्या बॉडीच्या खटखटीला पुढच्या रांगेतले काका वैतागायचे, "बाब, पुरे मरे आता!" तर सायलेंट लावलं आणि दरबाराच्या सीनमध्ये महाराजांच्या अंगावरून तीन आडवे काळपट पट्टे. कारण सरळ आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि माझ्यासारख्या बॉडीचा सेन्सर वरून खालपर्यंत वाचायला सेकंदाचा साधारण तिसावा भाग घेतो, तेवढ्यात दिवा तीनदा मिचकावतो. मेकॅनिकल शटरवर १/१०० ठेवला की पट्टे गेले, पण आवाज आला. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनने (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट मेकॅनिकल) आवाज थोडा कमी होतो, काकांना तेवढं चालतं.

जाहिरातीतल्या 'सेकंदाला ३० फ्रेम'ची भानगडही हीच. आकडा खोटा नाही, पण तो इलेक्ट्रॉनिक शटरचा आहे आणि फिरवलेली तलवार त्यात विळ्यासारखी वाकडी येते. यावर उपाय आहेत, निकॉन झेड९ चा स्टॅक्ड सेन्सर (२०२१) इतक्या झपाट्याने वाचतो की त्यात मेकॅनिकल शटर ठेवलेलंच नाही, आणि सोनीने २०२३ मध्ये ए९ थ्री आणला त्यात ग्लोबल शटर, सगळा सेन्सर एकदम वाचतो. पण ते पैसे कोणाकडे आहेत? जाहिरात मात्र सगळ्यांची एकाच सुरात.

स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणं) 'आठ स्टॉप' म्हणे, म्हणजे शटरचा वेळ आठदा दुप्पट. हिशोब केला तर २०० मिमीला १/२०० च्या जागी सव्वा सेकंद हातात धरता यायला हवा. धरला समजा, तरी नट कुठे सव्वा सेकंद पुतळा होऊन उभा राहणार आहे? हात स्थिर होतो, माणूस नाही. आणि नॉइज (फोटोतले दाणे), भाऊ, आरसा काढला म्हणून प्रकाश जास्त येत नाही, आयएसओ ६४०० ला क्रॉप सेन्सर तो क्रॉप सेन्सरच.

पक्ष्यांचं थोडक्यात. गोव्यात रायबंदरहून फेरी पकडून चोडण बेटावर गेलो, उघड्या आभाळात ब्राह्मणी घार असली की बर्ड डिटेक्शन (पक्षी ओळखून फोकस करणं) सोडतच नाही, मजा येते. पण खंड्या खारफुटीच्या मुळांच्या जाळीत बसला की फोकस पुढच्या मुळावर जाऊन चिकटतो, आणि करमळीच्या तळ्यावर पाणकोंबडी गवतात शिरली की तेच. तिथे मी सरळ सिंगल पॉइंटवर येतो, डीएसएलआरवर करायचो तसाच.

बॅटरीचं कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही. सीपा (कॅमेरा कंपन्यांची संघटना) मोजणीत एका बॅटरीवर निकॉनच्या डी५०० या डीएसएलआरला १२४० शॉट होते, मिररलेस झेड६ ला ३१०. बर्स्टमध्ये (एका दमात सलग फोटो) याच्या कितीतरी पट निघतात हे मान्य, पण व्ह्यूफाइंडर हाच एक छोटा स्क्रीन, आणि पडदा उघडायची वाट बघत डोळा लावून बसलं तरी तो खातच असतो. मी दुसऱ्या अंकाआधीच बॅटरी बदलून टाकतो. त्याच व्ह्यूफाइंडरमध्ये एक्स्पोजर आधीच दिसतं, स्पॉटलाइटमध्ये तोंड पांढरं फटक होतंय का ते क्लिक करण्याआधीच कळतं, त्यामुळे त्याला जास्त शिव्या देत नाही. वजनाची बढाई मात्र विसरा, २.८ ची लेन्स आहे तेवढीच जड, वर अडॅप्टर.

आता शिगम्याची (गोव्यातला शिमगा) तयारी. रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, रात्री रस्त्यावर, वर एलईडीच एलईडी, चित्ररथांवरचे तर रंगीत आणि डिमरवाले. अँटी-फ्लिकर (दिवा तेज असतानाच फोटो घेणं) चालू ठेवून मेकॅनिकलच वापरणार. चित्ररथांच्या दिव्यांवर कोणी हाय फ्रिक्वेन्सी अँटी-फ्लिकर (दिव्याच्या मिचकावण्याशी शटर बारकाईने जुळवणं) वापरून बघितलं असेल तर शटर किती ठेवला ते सांगा, पणजीला जाण्याआधी मला घरी ट्राय करायचंय.