आमच्या भिशीची हिमाचलातल्या जिभीची सहल

आमची भिशी अकरा वर्षांची. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बारा जणी, वय बत्तीस ते सदुसष्ट. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, चिठ्ठी काढायची, चहा-भडंग झालं की उठायचं. मागच्या वर्षी संक्रांतीच्या वाणाला जमलो होतो, तेव्हा आक्का एकदम म्हणाल्या, "मी बर्फाचा डोंगुर बघितला न्हाई अजून. मेल्यावर बघू काय?" कुणी हसलं नाही. त्याच दिवशी ठरलं, की नेहमीच्या भिशीशिवाय माणशी १,२०० रुपये महिना वेगळे काढायचे. बारा महिने भरायचे आणि तेवढ्यातच जाऊन यायचं. म्हणजे माणशी १४,४०० रुपये. वही माझ्याकडे आली, कारण शाळेत स्नेहसंमेलनाचा हिशेबही मीच बघते.

पहिल्या महिन्यात नुसती नावांची यादी वाढत गेली. सिमला, कुल्लू, मनाली, धर्मशाळा, परत येताना अमृतसर. एका पर्यटनवाल्याकडे विचारायला गेले. त्याने नऊ दिवस, सात ठिकाणं, माणशी २४,००० असा कागद हातात दिला. तळाशी बारीक अक्षरात दुपारचं जेवण, प्रवेश शुल्क आणि रोहतांगची गाडी वेगळी. घरी आल्यावर मी नकाशा घेऊन बसले आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला किती तास लागतात ते लिहीत गेले. मैदानात साठ किलोमीटर म्हणजे तासभर. डोंगरात तेवढ्यालाच अडीच-तीन तास जातात. नऊपैकी जवळजवळ पाच दिवस आम्ही गाडीतच बसणार होतो, आणि पैशाचा मोठा वाटाही त्या गाडीलाच जाणार होता.

पुढच्या भिशीला मी तो तासांचा तक्ता वाचून दाखवला आणि म्हटलं, एकच खोरं धरूया, एकच घर, पाच रात्री तिथंच. मोठ्या वहिनींचा चेहरा पडला. मनाली न बघता हिमाचल म्हणजे अंबाबाईचं दर्शन न घेता कोल्हापूर, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचं वाईट वाटलं, पण मी हटले नाही. गुडघेदुखीच्या दोघी आणि गाडी लागणाऱ्या तिघी आमच्यातच होत्या. त्यांना रोज घाटातून फिरवणं म्हणजे सहल नव्हे, शिक्षा. शेवटी हात वर करून मोजलं. नऊ विरुद्ध तीन.

खोरं निवडलं बंजारचं, कुल्लू जिल्ह्यातलं. दिल्लीहून मनालीला जाणारी बस मंडीच्या पुढे बियास नदीच्या काठाने वर चढते. औट इथे लांब बोगदा लागतो, त्याच्या अलीकडे उतरायचं. तिथून बंजार तीसेक किलोमीटर आणि बंजारच्या पुढे आठ-नऊ किलोमीटरवर जिभी. बाजूलाच तीर्थन नदीचं खोरं आणि ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, ज्याला २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. मनालीची गर्दी इथवर फारशी येत नाही.

मग तारीख. मे महिन्यात सगळा देश डोंगरात. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी आणि पूर, २०२३ च्या जुलैत बियासने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. हिवाळ्यात जिभीच्या वरची जलोडी खिंड बर्फाने बंद. राहिला ऑक्टोबर. पण नवरात्रात आमच्यातली एकही कोल्हापूर सोडणार नाही, आणि दिवाळीच्या फराळाला परत यायलाच हवं. म्हणून दसरा चौकात सोनं लुटायचं आणि त्यानंतरच्या मंगळवारी निघायचं ठरवलं. मंगळवारी आपल्या कोल्हापूरहून दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनला थेट साप्ताहिक गाडी आहे.

तिकिटाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मोठ्या गटाची घडी इथेच विस्कटते. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण. सहा-सहाची दोन तिकिटं काढून मोकळं व्हायचं असं मी धरून चालले होते. पण पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा मिळतो आणि तो एकट्या किंवा दोघींच्याच तिकिटावर चालतो, हे शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलं. त्यामुळे आक्का आणि कोपऱ्यावरच्या काकूंचं एक तिकीट, बाकी पाच-पाचची दोन. तो दिवस निघाला श्रावणातला शुक्रवार. सकाळी आठला आम्ही तिघी तीन मोबाइल घेऊन माझ्या ओट्याशी उभ्या. गॅसवर पुरणाची डाळ शिजत होती. आठ वाजून चार मिनिटांनी बाराही बर्थ पक्के झाले आणि काकूंनी त्या आनंदात डाळीत मीठ टाकलं.

एसी की स्लीपर यावर बराच खल झाला. स्लीपर हजाराच्या आत येतं, थर्ड एसीला त्याच्या दुपटीहून जास्त. दीड दिवसाचा प्रवास आणि पुढे लगेच रात्रीची बस, म्हणून एसी घेतलं. कुठे पैसे वाचवायचे नाहीत हेही ठरवून ठेवावं लागतं.

परतीला मात्र साप्ताहिक गाडी मुद्दाम टाळली. डोंगरात दरड कोसळली, बस अडकली, की आठवड्याची गाडी गेली ती गेलीच. गोवा एक्सप्रेस रोज असते, दुपारी निजामुद्दीनहून निघते आणि मिरजेला सोडते. दिल्लीत एक दिवस मोकळा ठेवून तिची तिकिटं काढली. तो दिवस वाया गेल्यासारखा दिसतो, पण त्याच्या भरवशावर मला पूर्ण सहलभर शांत झोप लागली.

आता माझी चूक. नकाशावर एक गेस्ट हाउस दिसलं, फोटो सुंदर. खाली दिलेल्या नंबरवर बोलले. माणूस गोड बोलला, म्हणाला दोनच खोल्या उरल्यात. मी ३,००० रुपये पाठवले. नंतर पावतीसाठी फोन केला तर लागेना. खऱ्या मालकाचा नंबर दुसरीकडून मिळवला, तर ते म्हणाले, असे फसलेले तुमच्याआधीही फोन करून गेलेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पैसे परत आले नाहीत. रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्यांचे पैसे होते ते. सकाळी माझे म्हणून भरायला गेले, तर आक्कांनी वही ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'माणशी २५०, फसवणूक'. वर म्हणाल्या, "तू एकटी हिंडायला चाललीस व्हय?"

त्यानंतर नियम केला. आधी व्हिडिओ कॉल. स्वयंपाकघर दाखवा, संडास दाखवा, कमोड किती ते सांगा, दारातून रस्त्यापर्यंत किती पायऱ्या ते चालत मोजून दाखवा. जिभीतल्या एका घरमालकिणीने मोबाइल हातात धरून अठ्ठावीस पायऱ्या मोजत दाखवल्या. तिथेच ठरवलं. चार खोल्या, दोन वेळचं जेवण धरून माणशी १,१०० रुपये दिवस, आगाऊ फक्त दहावा हिस्सा.

पोचलो तेव्हा घरात धावपळ होती. "हमारे देवता कुल्लू गए हैं," मालकीण म्हणाली. देशभर दसरा संपतो तेव्हा कुल्लूचा सुरू होतो आणि सात दिवस चालतो. खोऱ्याखोऱ्यांतले देव पालख्यांतून तिथे जातात, बंजारचे शृंगा ऋषीही. आमच्या बायकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या भेटीला निघालेली अंबाबाईची पालखी बघतच त्या मोठ्या झाल्यात.

पाच दिवसांत गाडी दोनदाच केली. एकदा चैहणी कोठीसाठी, दगड आणि लाकूड आलटूनपालटून रचलेला उंच बुरूज. एकदा ३,१२० मीटरवरच्या जलोडी खिंडीसाठी. पुढची जागा दर अर्ध्या तासाने बदलायची, गाडी लागणाऱ्यांना आधी. आवळासुपारी सगळ्यांच्या पदराला. खिंडीतून सेरोलसर तळ्यापर्यंत पाच किलोमीटरची वाट ओकच्या जंगलातून जाते, चढ फार नाही. तिथल्या देवीला, बुढी नागिणीला, तूप वाहतात हे आक्कांना आदल्या रात्री चुलीपाशी कळलं होतं. त्यांनी पिशवीतून घरच्या तुपाची बरणी काढली, गुळाच्या पोळ्यांबरोबर खायला आणलेली. अडीच तास चालल्या. दर दहा मिनिटांनी दगडावर बसायच्या, गुडघा चोळायच्या, उठायच्या. वाटेत एका वळणावर झाडं संपली आणि समोर पांढऱ्या शिखरांची रांग उभी राहिली. आक्का काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "तू लिहून ठेव ह्ये, मला सांगाय यायचं न्हाई."

कोजागरी तिथेच आली. मालकिणीच्या गाईचं दूध, आमच्या जायफळ-वेलदोड्याची पुडी, अंगणात कडाक्याची थंडी आणि देवदारांच्या वर चंद्र. तिने गरम सिड्डू वाढले, म्हणजे तिथले कणकेचे वाफवलेले गोळे, आतमध्ये अक्रोडाचं सारण. आम्ही त्यावर कांदा-लसूण चटणी लावली. तिला एवढी आवडली की उरलेला डबा तिथेच ठेवून आलो. मोठ्या वहिनी मनालीचं नाव काढेनात.

परत आल्यावर पहिल्या भिशीत मी वही सगळी वाचली. दर ओळीला पावती. माणशी १३,७६० खर्च, ६४० शिल्लक, बारा पाकिटं. प्रत्येकीने सही केली. आक्कांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं.

"देवीला वाहिलेलं तूप धरलंयस काय ह्यात?"

"न्हाई आक्का, ते तुमच्या घरचं."

"मग बरोबर हाय," म्हणाल्या आणि सही केली.