गाडीला प्लग लावलाय ना?

अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात हिवाळ्यात पहिल्यांदा आलेल्या माणसाची एक ठरलेली फसगत होते. पार्किंगमध्ये ओळीनं उभ्या गाड्या, प्रत्येकीच्या नाकातून लोंबणारी वायर आणि समोरच्या खांबावर विजेचं सॉकेट बघून तो म्हणतो, "वा, इथे सगळ्यांकडे इलेक्ट्रिक गाड्या!" त्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल-डिझेल पिणाऱ्याच असतात. ती वीज गाडी चालण्यासाठी नसते, गाडी सकाळी जागी व्हावी यासाठी असते.

आर्क्टिक वृत्ताच्या जरा खाली असलेल्या या गावात २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य पावणेचार तासही टिकत नाही. जानेवारी १९३४ मध्ये इथे उणे ५४ सेल्सिअसची नोंद झाली होती. तेवढं रोज होत नाही. पण उणे चाळीस हा पाहुणा बहुतेक हिवाळ्यांत येतो आणि आला की लवकर उठत नाही. या आकड्याची एक सोय आहे. सेल्सिअस आणि फॅरनहाइट उणे चाळीसला एकत्र येतात, त्यामुळे सांगलीच्या मावशींना फोनवर सांगताना गुणाकार-भागाकार करावा लागत नाही. मात्र 'पारा घसरला' असं इथल्या थंडीबद्दल म्हणता येत नाही. उणे ३९ च्या आसपास पारा स्वतःच गोठून बसतो, म्हणून थर्मामीटर अल्कोहोलचं लागतं.

तर प्लग. त्या एका प्लगच्या मागे साधारण तीन गोष्टी जोडलेल्या असतात. पहिला ब्लॉक हीटर. इंजिनच्या ओतीव धडाला काही गोल भोकं असतात, एरवी ती पत्र्याच्या बुचांनी बंद केलेली असतात. त्यातलं एक बूच काढून तिथे चारशे-सहाशे वॅटची छोटी कॉइल बसवतात. ती कूलंट, म्हणजे इंजिनमधून फिरणारा द्रव, तापवते आणि कूलंट इंजिनला ऊब देतं. दुसरी, ऑइल पॅनच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, बुडाला चिकटवलेली दीडशे-दोनशे वॅटची रबरी गादी. तिसरी, बॅटरीखालची किंवा बॅटरीभोवती गुंडाळलेली ऐंशीएक वॅटची दुलई. हे सगळं बसवून घेणं म्हणजे गाडीचं 'विंटरायझिंग', आणि जुनी गाडी विकत घेताना इथे मायलेजच्या आधी त्याची चौकशी होते.

बसवताना होणाऱ्या चुका नेहमीच्याच. कूलंट बदलल्यावर आत हवेचा फुगा राहिला आणि तो नेमका कॉइलपाशी अडकला, तर कॉइल कोरडी तापते आणि जळते. ऑइल पॅन नीट न पुसता गादी चिकटवली, तर ती जानेवारीत कधीतरी सुटते, आणि नुसती सुटली तर नशीब म्हणायचं, कारण लोंबकळत चालू राहिलेली गादी भलतंच काही तापवत बसते.

प्लग रात्रभर लावून ठेवायची गरज नसते. कूलंट दोन-तीन तासांत जेवढं तापायचं तेवढं तापतं, पुढे नुसती हवा तापते आणि बिल वाढतं. म्हणून टायमर लावतात. सातला निघायचं तर चारला चालू. आठशे वॅटचा सगळा संच तीन तास चालला तर अडीच युनिटांच्या आत काम होतं, रात्रभर बारा तास ठेवला तर साडेनऊच्या वर जातं. उणे चाळीसच्या खाली मात्र काटकसर करू नये. तिथे आणखी एक-दोन तास द्यावेत आणि बिलाकडे बघू नये.

एक्स्टेंशनची वायर स्वस्तातली घ्यायची नाही. साध्या वायरचं प्लास्टिकचं आवरण उणे तीसच्या पुढे ताठ होतं. ती गुंडाळायला जावं तर गुंडाळी होत नाही, वायर मधेच तडकते. थंडीसाठी बनवलेली रबरी वायर घ्यायची, आत जाड तार असलेली, आणि टोकाला छोटा दिवा असलेली. त्या दिव्याचं मोल पहाटे कळतं. 'प्लग लावला होता' आणि 'प्लगमध्ये वीज होती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी कळायला फार उशीर झालेला असतो. कधी ब्रेकर पडलेला असतो, कधी टायमरचं घड्याळ थंडीनं अडकलेलं असतं, कधी शेजाऱ्यानं आपल्या गाडीसाठी तुमचा प्लग 'जरा वेळ' काढलेला असतो. दिवा नसेल तर प्लग लावून बॉनेटपाशी कान न्यावा. हीटर चालू असेल तर बारीकशी सूं-सूं ऐकू येते. थंड हवेत आवाज स्वच्छ येतो, हा हिवाळ्याचा एक उपकार.

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लोकप्रिय चूक म्हणजे वायर काढायची विसरून निघून जाणं. गाडी मागे घेतली की एक झटका बसतो, आणि मग वायर गाडीमागे बर्फावरून सरपटत येते किंवा सॉकेटचं झाकण सोबत येतं. यावर गावानं शोधलेले उपाय अनेक आहेत. वायर दाराच्या मुठीला किंवा बाजूच्या आरशाला एक वेढा देऊन मग पुढे न्यायची, म्हणजे दार उघडताना ती हाताला लागतेच. तरीही नोव्हेंबरात प्रत्येक पार्किंगमध्ये एखादी तुटकी वायर लोंबताना दिसते. अशी वायर दिसली की थांबून हसू नये. आपली पाळी फेब्रुवारीत येते.

आता पातळ पदार्थांकडे. महाराष्ट्रात थंडी पडली की खोबरेल तेलाची बाटली मोरीत गरम पाण्याच्या तांब्यात ठेवतात. इथे तीच तऱ्हा डिझेलची होते. त्यातलं मेण आधी ढगाळ दिसतं, मग थिजतं आणि फिल्टरमध्ये अडकून बसतं. म्हणून हिवाळ्यात 'नंबर दोन' डिझेल बाजूला ठेवून कमी मेणाचं 'नंबर एक' वापरतात. घर तापवायच्या तेलाचंही तसंच. टाकी घराबाहेर असेल तर त्यात नंबर एकच भरायचं. नंबर दोन थोडं स्वस्त पडतं, आणि त्या वाचलेल्या पैशांचा हिशेब रात्री तीन वाजता स्टोव्ह विझल्यावर होतो.

इंजिन ऑइल शून्य-डब्ल्यू, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही वाहतं राहणारं, आणि पूर्ण सिंथेटिक. पंप ते ओढू शकतो की नाही याची चाचणी उणे चाळीसलाच घेतलेली असते, म्हणजे ते बनवणाऱ्यांनी आपलं गाव बघितलं असावं. कूलंटची गंमत आणखी वेगळी. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल (पाण्याला गोठू न देणारं रसायन) हे मिश्रण उणे ३७ पर्यंत साथ देतं. इथे ते पुरत नाही, म्हणून साठ टक्के ग्लायकॉल घालतात आणि ते उणे पन्नासपर्यंत पोचतं. इथवर कळलं की उत्साही माणूस शंभर टक्के ग्लायकॉल ओतून मोकळा होतो. पण शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं. पाण्याला ग्लायकॉल लागतं तसं ग्लायकॉललाही पाणी लागतं. बॅटरीचं उलट: ती पूर्ण भरलेली असेल तर आतलं आम्ल उणे साठला दाद देत नाही, आणि उतरलेली असेल तर उणे दहाच्या आसपासच गोठून तिची पेटी फुटते. गोठलेल्या बॅटरीला जम्पर, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायची वायर, लावायचा नाही. ती आधी घरात आणून वितळू द्यायची, तोवर चहा करायचा.

गाडी सुरू झाली, असं समजू. लगेच निघायचं नाही, पण अर्धा तास धूर काढत उभंही राहायचं नाही. प्लग लावलेल्या गाडीला पाच-दहा मिनिटं बास. फक्त इंजिन गरम झालेलं असतं हे लक्षात ठेवायचं. गिअरबॉक्समधलं तेल, चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस, शॉक ॲब्सॉर्बर, सीटचा फोम हे सगळे अजून उणे चाळीसमध्येच असतात. गिअरचा दांडा दोन्ही हातांनी हलवावा लागतो. सीटवर बसलं की सीट दबत नाही, माणूसच ॲडजस्ट होतो. टायर तर चक्क चौकोनी झालेले असतात. रात्रभर जमिनीला टेकलेला भाग तसाच सपाट गोठतो आणि पहिला किलोमीटरभर गाडी धप-धप करत जाते. नवख्याला वाटतं चाक निखळलं. तशीच हळू चालवत राहायचं, रबर तापलं की पुन्हा गोल होतं.

हवेचा हिशेबही करून ठेवावा. गॅरेजमध्ये वीस अंशांना भरलेली ३२ पौंड हवा बाहेर उणे चाळीसला गेली की जवळपास दहा पौंडांनी उतरते. चाक पंक्चर झालेलं नसतं, आतली हवाच आखडलेली असते. ती बाहेरच भरायला गेलात तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ अडकून तो बंदच होत नाही, आणि होती ती हवाही जाते. हे काम आत, उबेत करायचं.

रेडिएटरसमोर पुठ्ठा लावलेल्या गाड्या दिसल्या तर ती गरिबी नव्हे. समोरून येणारा वारा इंजिनला इतका गार करतो की आतला हीटर नुसती कोमट फुंकर मारत राहतो. पुठ्ठ्यानं निम्मी जाळी झाकली की पाय बधिर होत नाहीत. काच आतून खरवडावी लागते, कारण तुमचाच श्वास तिच्यावर गोठतो. डिकीत जाड दुलई, बूट, टोपी आणि डोक्याला बांधायचा दिवा असतोच. रस्त्याकडेला थांबलेली गाडी दिसली की थांबून विचारायचं, हा इथला न लिहिलेला नियम. शिष्टाचाराचा भाग त्यात कमी. उद्या तिथे आपण असू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

एवढी सगळी गाड्यांची पूजा केली की गाड्या आशीर्वाद म्हणून धुकं देतात. एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळजवळ एक लिटर पाण्याची वाफ निघते. उणे पस्तीसच्या खाली हवेत ती मावत नाही. तिचे लगेच बर्फाचे बारीक कण होतात आणि तरंगत राहतात. त्यात फेअरबँक्स दरीत वसलेलं, वारा नाही, आणि गार हवेवर गरम हवेचं झाकण बसलेलं. त्यामुळे टेकडीवर राहणारा माणूस स्वच्छ चांदण्यात निघतो आणि खाली उतरता उतरता दहा-पंधरा अंश गमावून धुक्यात शिरतो, चौकातला सिग्नल शोधत. टेकडीवरचे लोक हा फरक दरीतल्यांना सांगायची एकही संधी सोडत नाहीत.

आता घर. इथे बरेच लोक 'ड्राय केबिन'मध्ये राहतात. लाकडी घर, वीज आहे, इंटरनेट आहे, नळ नाही. जमिनीत जागोजागी कायमचा बर्फ असतो. विहीर खणणं महाग आणि पाइप गोठवणं फुकट, त्यामुळे भाडं कमी. पाणी गावातल्या भरणा केंद्रावरून पाच गॅलनच्या कॅनमधून आणायचं. एक कॅन भरला की साधारण १९ किलो. सिंकला नळ नसला तरी भोक असतं आणि खाली बादली. नळ नसलेल्या घरातही पूर येतो, तो या बादलीमुळे. ती भरत आली आहे हे पाहण्याची जबाबदारी नेहमी दुसऱ्याची असते.

आणि परसाकडे जाणं इथे अक्षरशः परसात जाणं असतं. लाकडी खोपटातल्या त्या बैठकीवर प्लास्टिकची सीट कधीही बसवायची नाही. दोन इंच जाडीचा निळा इन्सुलेशनचा फोम आणायचा, त्याला अंडाकृती भोक कापायचं, कडा घासून घ्यायच्या. फोममध्ये बहुतेक बंद बुडबुड्यांतली हवाच असते. तो कातडीची ऊब खेचून घेत नाही, त्यामुळे उणे चाळीसलाही टेकल्याबरोबर उबदार वाटतो. ज्यांचा यावर विश्वास बसत नाही, ते सीट घरात स्टोव्हजवळ खिळ्याला टांगतात आणि जाताना काखेत मारून नेतात. खड्ड्यातली गोष्ट नाजूक आहे, पण सांगणं भाग आहे. हिवाळ्यात तिथे काही पसरत नाही, काही मुरत नाही, सगळं वरच्या वर रचत जातं. फेब्रुवारीपर्यंत मधोमध एक सुळका उभा राहतो. त्यासाठी कोपऱ्यात एक पहार ठेवलेली असते, आणि ती कोणी चालवायची यावरून चांगल्या रूममेटांची मैत्री तुटते.

उणे चाळीसचा अभिमान मात्र सगळ्यांना असतो. विद्यापीठाच्या दाराशी तापमान दाखवणारा मोठा फलक आहे. त्यावर तो आकडा उमटला की विद्यार्थी पोहण्याच्या कपड्यांत त्याच्याखाली उभे राहून फोटो काढतात. फोटो काढणाऱ्यानं हातमोजे घालायचे आणि कॅमेरा कोटाच्या आत ठेवायचा. बॅटरी मुलांच्या आधी मान टाकते.

गाव खरं घाबरतं ते वेगळ्याच गोष्टीला. उणे चाळीसला शाळा भरते, टपाल येतं, बर्फावर टायर चांगले धरतात, कारण इतक्या थंडीत बर्फ फारसा निसरडा राहत नाही. पण डिसेंबर २०२१ मध्ये नाताळच्या लगेच नंतर तापमान शून्याच्या वर गेलं आणि चक्क पाऊस पडला. गोठलेल्या जमिनीवर पडलेलं पाणी तिथेच काचेसारखं जमलं, वरून पुन्हा थंडी आली आणि तो थर डांबराला असा चिकटला की खरवडणाऱ्या यंत्रांची पाती बोथट झाली. असं झालं की मीठ टाकून उपयोग नसतो, उणे वीसच्या पुढे मीठ काही वितळवत नाही. खडी टाकायची, टायरना खिळे लावायचे, पुढच्या गाडीपासून चौपट अंतर ठेवायचं, ब्रेकला हळूच पाय लावायचा. आणि घरातून निघताना प्लग काढायचा.