गच्चीवरचा कोबी, आठवडा सहावा: अळ्या आल्या, मोहरी उशिरा

मंडळी, मागच्या अपडेटला बढाई मारली होती ना की यंदा कोबी एकदम क्लीन आहे, लागली नजर. 12 ग्रो बॅगांपैकी 7 मध्ये चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. बारीक हिरवट, पानाच्या खालच्या बाजूला बसते, बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लटकून खाली उतरते. पान वरून धड दिसतं पण उजेडात धरा, बटर पेपरसारखे ठिपके दिसतील, खालचा गर खाऊन वरचा पापुद्रा तेवढा ठेवलेला असतो.

चूक माझीच. सापळा म्हणून मोहरी कोबीच्या लागवडीआधी 15 दिवस पेरायची असते, म्हणजे पतंग अंडी घालायला तिकडे जातो, आणि मी पेरली कोबी लावल्यावर आठवड्याने, पतंग आले तेव्हा बिचारीला जेमतेम दोन पानं.

मग रोज सकाळी चहाच्या आधी अळ्या वेचणं, आणि ऊन उतरल्यावर बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध, उन्हात ते लवकर निकामी होतं. पहिल्या फवारणीला सगळं पाणी मोत्यासारखं घरंगळून मातीत, कोबीच्या पानावर मेण असतं हे डोक्यातच आलं नाही, दुसऱ्या वेळी स्टिकर, म्हणजे फवारा पानाला चिकटवणारं द्रव, टाकलं तेव्हा कुठे चिकटलं. आणि अळी लगेच मरत नाही हां, आधी खाणं सोडते, दोन-तीन दिवस धीर धरा, मी उगाच तिसरी फवारणी करायला निघालेलो.

दोन रोपं मात्र गेली. पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्हीसारखा पिवळा डाग, शिरा काळ्या, म्हणजे घाण्या रोग. जिवाणूचा आहे, रोप बरं होत नाही, उपटून कचऱ्यात टाकली, कंपोस्टमध्ये अजिबात नाही. पाईपने वरून पाणी मारायची हौस नडली बहुतेक, थेंबांबरोबर तो पसरतो. आता मगाने बुडाशी पाणी. पुढच्या वेळी बी 50 अंश गरम पाण्यात अर्धा तास ठेवूनच पेरणार.

माव्यासाठी, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांसाठी, 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून मारली. एका पानावर मावा फुगून तपकिरी, कागदासारखा झालेला दिसला, ते परोपजीवी गांधीलमाशीचं काम, आत तिची अळी असते, ते पान सोडून दिलं.

मोहरी आता गुडघ्याएवढी झालीय आणि शेंड्यांवर मावाच मावा, म्हणजे उशिरा का होईना कामाला लागली. आई ती भाजीसाठी खुडायला निघाली होती, कसंबसं थांबवलं.